रिकीब, फटफटी आणि पायांतला जोडा

आषाढांतील एखाद्या रविवारीं पहाटे वाशीच्या खाडीपुलाकडून पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभें राहिलें असतां एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. दहा-पांच फटफट्यांचा तांडा पावसाची झड अंगावर घेत घाटाकडे निघालेला असतो. स्वारांच्या डोक्यावर शिरस्त्राण, हातांत मोजे, अंगांत पावसाळी डगला, आणि पायांत? कोणाच्या पायांत कापडी बूट, कोणाच्या पायांत रबरी सपाता, तर कोणाच्या पायांत नुसती अंगठ्याची चप्पल! मस्तकाची एवढी निगा राखणारा हा तरुण आपल्या पायांविषयीं इतका उदासीन कां, असा प्रश्न मला अनेकदां पडला आहे. त्याचें उत्तर निष्काळजीपणांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधावें, असें मला वाटतें.

सन १९७० मध्यें सिडको स्थापन झाली, १९७३ मध्यें वाशीचा खाडीपूल खुला झाला, आणि भातखाचरें व मिठागरें होतीं त्या भूमीवर नवी मुंबई उभी राहिली. या शहरांतील तरुणाला सह्याद्रि अगदीं हांकेच्या अंतरावर आहे. द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें तो जुन्या रस्त्यानें खोपोलीवरून बोरघाट चढतो, नाहीं तर शिळफाटा, कल्याण, मुरबाड या वाटेनें माळशेज गांठतो. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें त्याच्या डोक्याची चिंता वाहिली आहे. पायांविषयीं तें कलम अक्षरही बोलत नाहीं. कायदा तरी काय करणार? समाजाला ज्या गोष्टीची जाणीव झालेली असते, तीच कायद्यांत उतरते.

‘पादत्राण’ या शब्दांतच त्राण आहे, म्हणजे रक्षण आहे. पण हा शब्द ग्रंथांतला. बोलण्यांत आपण वहाण म्हणतों, जोडा म्हणतों, पायताण म्हणतों. आणि या शब्दांभोंवतीं रक्षणापेक्षां पायरीचाच विचार अधिक घुटमळतो. ‘पायींची वहाण पायींच बरी’ ही म्हण वहाणेविषयीं नाहीं. माणसानें आपली जागा ओळखून राहावें, हें सांगण्यासाठीं ती जन्मली. चामडें उंबरठ्याबाहेर राहिलें पाहिजे हा आपला दंडक. देवळांत, स्वयंपाकघरांत, ओसरीवर, पंक्तींत, कोठेंही जोडा चालत नाहीं. दिवसांतून दहा वेळां काढावयाचें आणि दहा वेळां घालावयाचें असें जें पादत्राण, तें उघडें, सैल आणि एका झटक्यांत निघणारेंच असावयास हवें. त्यांतून आपली हवा उष्ण. बंदांनीं आवळलेला, घोट्याच्या वर चढणारा जोडा आपल्याकडे रुजला नाहीं, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं.

या मर्यादेंत आपल्या कारागिरांनीं जें साधलें तें थोर आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावलेलें चामडें, थरावर थर देऊन चामड्याच्याच वादीनें शिवलेला तळ, अशी कोल्हापुरी वहाण शेताच्या बांधावर आणि कातळावर वर्षानुवर्षें टिकते. सन २०१९ मध्यें तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्रांतील चार आणि कर्नाटकांतील चार जिल्ह्यांच्या नांवें. परंतु ही वहाण चालणाऱ्याची आहे, स्वाराची नव्हे.

स्वाराच्या पायाची गरज निराळी, हें जगाला घोड्यानें शिकविलें. रिकिबींत उभें राहून बाण सोडणाऱ्या इराणी स्वारांनीं जोड्याला उंच टांच लावली, ती शोभेसाठीं नव्हे, तर पाय रिकिबींतून पुढें घसरूं नये म्हणून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही टांच युरोपांत गेली आणि तेथें ऐटीची वस्तु झाली. युरोपच्या घोडदळानें नडगी झांकणारा उंच बूटही स्वीकारला. आपल्याकडील जुन्या चित्रांत मात्र मराठा स्वार बहुधा उघड्या पायांनीं अथवा साध्या जोड्यांत दिसतो. त्याची घोडदौड हलकी, मुक्काम रोजचा नवा, आणि उतरल्याबरोबर जोडा काढण्याची संवय जन्माची.

या दोन पद्धतींची गांठ आपल्याच भूमीवर पडली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं सध्यांच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे व भोसले यांच्या सैन्याशीं लढून जय मिळविणारा आर्थर वेलस्ली हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आणि लंडनच्या चांभाराकडून त्यानें सुटसुटीत करून घेतलेला घोडेस्वारीचा बूट त्याच्याच नांवानें जगभर गेला. कोंकणांतील शेतकरी चिखलणीच्या वेळीं जो गमबूट घालतो, त्याला इंग्लंडांत आजही वेलिंग्टनचेंच नांव आहे. यांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सेनापति चांभारापाशीं गेला, आपणांस काय टोंचतें व काय हवें तें त्यानें सांगितलें, आणि चांभारानें त्याप्रमाणें जोडा बदलला. या संभाषणाकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

एकोणिसाव्या शतकांत बूट आपल्या सुशिक्षितांच्या पायांत आला खरा, पण तो वादाचा विषय होऊन आला. साहेबासमोर जातांना जोडे काढावे कीं ठेवावे, यावर अर्जविनंत्या झाल्या. सन १८५४ मध्यें सरकारनें ठराव केला कीं, जे एतद्देशीय गृहस्थ विलायती धर्तीचे बूट घालतात त्यांनीं ते सरकारी दरबारीं पायांत ठेवावे. देशी जोडा मात्र बाहेर काढावा. १८६२ मध्यें सुरतेच्या अदालतींत एका पारशी असेसरानें जोडे काढण्याचें नाकारल्यामुळें मोठा गवगवा झाला. म्हणजे बूट मानाचा होता, दर्जाचा होता, पोशाखाचा होता. त्यानें पायाचें रक्षण किती होतें, हा प्रश्न त्या साऱ्या वादांत कोणीच विचारला नाहीं.

अशा समाजाच्या हातीं पुढें फटफटी आली. १८८५ मध्यें जर्मनींत डाइमलरनें लांकडी सांगाड्यावर एंजिन बसविलें, त्याला नांवच ‘स्वारीची गाडी’ असें दिलें. आरंभींच्या कित्येक गाड्यांत गिअर हातानें बदलावे लागत. १९२८ च्या सुमारास वेलोसेट या इंग्रजी कारखान्यानें पायानें बदलावयाचा खटक्याचा गिअर शर्यतींत आणला आणि हळूहळू तीच रीत सर्वत्र झाली. तेव्हांपासून स्वाराचें पाऊल हें केवळ टेकावयाचें अंग राहिलें नाहीं. तें काम करणारें अंग झालें. एका पावलाच्या चवड्यानें गिअर उचलावा, दुसऱ्यानें ब्रेक दाबावा, नडगीशेजारीं तापलेली नळी, आणि गाडी थांबली कीं तिचा सारा भार याच पायांवर. १९५५ मध्यें मद्रासेंत बुलेट तयार होऊं लागली, आणि २०१६ मध्यें खास डोंगरवाटांसाठीं हिमालयन नांवाची गाडी निघाली. हिचें वजन सुमारें दोनशें किलो. हा घोडा पडला तर उठून उभा राहत नाहीं. तो जेथें पडतो तेथें खालचा पाय अडकून राहतो.

माझा एक भाचा नेरुळला राहतो. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत माळशेज घाटांत त्याची गाडी शेवाळावर घसरली. वेग किती? चालत्या माणसाहून थोडा अधिक. शिरस्त्राणावर ओरखडाही उठला नाहीं. पण पायांत कापडी बूट होते, आणि गाडीचें फूटरेस्ट व रस्ता यांच्यामध्यें त्याचा डावा घोटा सांपडला. पट्टी आणि स्क्रू बसले, आठ महिने तो काठीवर चालला, आणि अजूनही जिना उतरतांना आधीं उजवें पाऊल टाकतो. त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, डोक्याचें एवढें सांगितलें होतें हो मीं त्याला, पायाचें सांगावयाचें कोणाला सुचलें?” तिच्या या वाक्यानेंच हा लेख मला लिहावयास लावला.

मग सांगावयाचें तें काय? युरोपांत मोटारसायकलीच्या बुटांसाठीं एक प्रमाण ठरलेलें आहे. त्याचा अंक १३६३४. त्यांत बुटाची उंची, रस्त्यावर घासलें असतां टिकण्याची शक्ति, धारदार आघातानें न चिरण्याची शक्ति, आणि आडवा दाब आला असतां तळ न चेपण्याची शक्ति, अशा चार गोष्टी पाहून प्रत्येकीला एक किंवा दोन असा दर्जा देतात. भाच्याचा घोटा ज्यानें मोडला तो आडवा दाबच होता. चांगल्या बुटांत घोट्याच्या दोन्ही अंगांस कठीण वाटी असते. घोटा पुढें-मागें वळूं शकतो, पण आडवा मुरगळत नाहीं. तळांत ताठ पट्टी असते, त्यामुळें फूटरेस्टवर तासभर उभें राहिलें तरी तळवा दुखत नाहीं. टांच ठसठशीत असते. इराणी स्वाराची तीच युक्ति येथें पुन्हां कामास येते. लोंबते बंद गिअरच्या खटक्यांत अडकतात, म्हणून बकलें अथवा झांकलेले पट्टे बरे. कोंकणच्या पावसांत जलरोधक अस्तर हवें. पण पाणी वरून आंत शिरलें तर तेंच अस्तर तें आंत कोंडून ठेवतें, म्हणून पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून यावी. गमबूट पाणी अडवितो, घोटा सांभाळीत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सुख. बूट संध्याकाळीं घालून पाहावा, कारण दिवसभरांत पाऊल थोडें सुजतें. जाड मोजे घालून पाहावा, गाडीवर बसून गिअर व ब्रेक चालवून पाहावा, आणि शंभर पावलें चालून पाहावा. आपले स्वार गाडी पायथ्याशीं लावून किल्ला चढतात. त्यांस गुडघ्यापर्यंतचा शर्यतीचा बूट कामाचा नाहीं, नडगीच्या मध्यापर्यंतचा पुरे. जो बूट टोंचतो तो दुसऱ्या रविवारीं घरींच राहतो. आणि घरीं राहिलेला बूट कितीही मजबूत असला तरी कोणाचाच पाय वांचवीत नाहीं.

असे बूट आजवर मुख्यतः कोठून आले? उत्तर इटलींतील आसोलो या लहानशा गांवीं १९६३ मध्यें सान्ते मात्सारोलो या कारागिरानें डोंगर चढण्याचे जोडे करण्याचा कारखाना काढला. शेजारच्या मोंतेबेल्लूना परिसरांत चांभारकी परंपरेची. त्या वेळीं युरोपांत मोटोक्रॉस ही डोंगरी शर्यत लोकप्रिय होत होती; त्यानें स्वारांचे पाय पाहिले, आणि डोंगरी जोड्याचा फटफटीचा बूट केला. आल्पाइनस्टार्स हें त्याच्या कारखान्याचें नांव आज जगभर माहीत आहे. येथें मन साहजिकच कोल्हापूरकडे वळतें. तेथेंही डोंगर होते, कारागीर होते, पिढ्यांची विद्या होती, आणि बुलेटवर जीव टाकणारे स्वारही होते. मग आसोलोंत जें घडलें तें तेथें कां घडलें नाहीं?

भांडवलाचें व हवामानाचें कारण आहेच. पण मला त्याहून खोल कारण दिसतें. वहाणेला तळव्याची रेघ पुरते. कागदावर पाऊल ठेवून ती काढतां येते. बुटाला तेवढें पुरत नाहीं. घोटा, टांच, पावलाची पाठ, नडगी यांचें माप घेण्यास कारागिराचा हात पायाभोंवतीं फिरावा लागतो, आणि त्यावरून कलबूत घडवावें लागतें. ज्या समाजानें त्या हाताचा स्पर्शच विटाळ मानला, त्यानें आपल्या पायाचें माप कोणाला द्यावें? सेनापति आणि चांभार यांचें जें संभाषण लंडनमध्यें झालें, तें आपल्याकडे शतकानुशतकें होऊंच शकलें नाहीं. घालणारा बोलला नाहीं. करणाऱ्यास कोणी विचारलें नाहीं. विद्या जेथें होती तेथेंच थिजली. अस्पृश्यतेचा पहिला व भयंकर अपराध ज्यांच्यावर झाला त्यांचें दुःख निराळें आणि फार मोठें आहे. पण ज्यांनीं ती पाळली त्यांचे घोटेही तिनें उघडे ठेवले, हें आपण ओळखलें पाहिजे.

हा विचार आपल्याकडे कोणाच्या मनांत आलाच नाहीं असें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनीं गांधीजींच्या प्रेरणेनें चर्मालय चालविलें आणि चामडें कमावण्याचें काम स्वतःच्या हातांनीं केलें. १९७४ मध्यें चर्मकारांसाठीं राज्य सरकारनें महामंडळ काढलें, त्याला आज संत रोहिदासांचें नांव आहे. जून २०२५ मध्यें मिलान शहरांतील एका प्रदर्शनांत प्राडा या इटालियन पेढीनें कोल्हापुरीसारख्याच वहाणा कोल्हापूरचें नांव न घेतां मांडल्या, तेव्हां महाराष्ट्रांत संतापाची लाट उसळली आणि त्या पेढीस मूळ मान्य करावें लागलें. संताप योग्यच होता. परंतु परक्यानें नांव घेतलें नाहीं म्हणून रागावणाऱ्या आपण, त्या कारागिराला आपल्या नव्या गरजा कधीं सांगितल्या काय?

अलीकडे भारतांतही दुचाकीस्वारांचे बूट होऊं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. माझ्या भाच्यानें यंदा तसा एक जोड घेतला. पहिल्या दिवशीं तो घालून आला आणि संवयीनें उंबरठ्याशीं थबकला. चार बकलें सोडून बूट काढावयास त्याला बराच वेळ लागला. त्याची आई दारांत उभी राहून तें पाहत होती. एरव्हीं चामड्याला आंत येऊं न देणाऱ्या त्या माउलीनें ते ओले बूट स्वतः उचलले, कोरड्या फडक्यानें पुसले, आणि ओसरीवर देवळीखालीं नीट मांडून ठेवले.