आरिवेता आणि भाजक्या मक्याचं पीठ

डोंगरवाटांवरून पन्नास, शंभर किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त धावायच्या शर्यती आता जगभर होतात. काय खावं, सराव कसा करावा, याचे महागडे सल्लेही मिळतात. आज आम्ही ज्यांच्याबद्दल सांगणार आहोत, ते लोक असे सल्ले निघायच्या कितीतरी आधीपासून धावत आले आहेत.

मेक्सिको देशाच्या उत्तरेला, सिएरा माद्रेच्या खोल दऱ्यांत रारामुरी लोक राहतात. स्पॅनिश लोक आले, खाणी निघाल्या, तसे हे आणखी अवघड डोंगरात सरकत गेले. घरं लांब लांब. पाणी, सरपण, शेळ्या, शेजारीण, सगळं चालून गाठायचं. मग वेगळा सराव कसला?

शर्यती मात्र जुन्या. पुरुष लाकडी चेंडू पायाने उडवत धावतात. बायकांची शर्यत म्हणजे आरिवेता. काठीनं लहानशी कडी उचलायची, पुढे भिरकावायची, तिच्यामागे धावायचं, असं तासन्‌तास. बघणाऱ्यांच्या पैजा लागतात, त्यात कापडचोपडसुद्धा असतं.

आता बाकीच्या जगाचं बघा. 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली टेकल्या. वर्तमानपत्रांनी त्याचा बाऊ केला आणि ती शर्यत 1960 पर्यंत बंद राहिली. पुरुष दमून बसले म्हणून कुणी शर्यत बंद केल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही! ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती 1984 साली.

रारामुरींचं जेवण म्हणजे मका, घेवडा, भोपळा. मका भाजून बारीक दळला की झालं पिनोले. ते पाण्यात कालवून पितात, आपल्या सातूच्या पिठासारखं. त्यांच्या आहारात चरबी थोडी आणि कर्बोदकं भरपूर, असं 1979 साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. लांब धावायला तेच लागतं. अंगात साठलेली साखर काही तासांत संपते, म्हणून वाटेत थोडं थोडं खात राहायचं. पाणी तहानेप्रमाणे प्यायचं. गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं.

1993 साली अमेरिकेत लेडव्हिल गावी 160 किलोमीटरची शर्यत झाली. जिंकले व्हिक्टोरियानो चुरो, वय 55, पायात टायरच्या चपला. पुढच्या वर्षी तिथे जुआन हेरेरा हा रारामुरीच पहिला आला. दुसरी आली ॲन ट्रेसन, बाकीच्या सगळ्या पुरुषांना मागे टाकून. आणि 2017 साली मेक्सिकोतच पुएब्ला राज्यात मारिया लोरेना रामिरेझ या 22 वर्षांच्या मुलीनं बायकांची 50 किलोमीटरची शर्यत जिंकली. अंगात घेरदार घागरा, पायात साध्या चपला. घरी ती शेळ्या राखायची.

हे ऐकून पिनोलेच्या पुड्या विकत घ्यायला निघू नका. त्या पिठाच्या मागे रोजचं चालणं आहे, आणि टंचाईही आहे. 2011-12 च्या दुष्काळात याच डोंगरात मका पिकला नाही, बाहेरून धान्य पाठवावं लागलं. अशा वेळी तिथे कोरिमा चालतं. ज्याच्याकडे नाही त्यानं मागायचं, ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायचं. ते उसनं म्हणून कुणी परत मागत नाही.