बॅककंट्री स्कीइंग, कोस्ट पर्वतरांगेतील

लिफ्ट आणि आखलेले उतार सोडून, स्वतःच्या पायांनी चढून केलेले स्कीइंग. मुख्यतः कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पॅसिफिक किनाऱ्यालगत सुमारे १,६०० किमी. पसरलेली कोस्ट पर्वतरांग हे त्याचे एक प्रमुख क्षेत्र. समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे येथे अडतात; त्यामुळे बर्फ विपुल, पण बहुधा दमट व जड. दरीत पाऊस आणि वर हिमवर्षाव हे नेहमीचेच. डिसेंबरात उजेड जेमतेम आठ तास, म्हणून अंधारातच निघतात. चढताना स्कीच्या तळाला मोहेर वा नायलॉनच्या केसाळ पट्ट्या चिकटवतात. केसांचा कल मागे असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत. माथ्यावर त्या सोलून काढायच्या, टाच जखडायची आणि उतरायचे. तासन्‌तासांची चढण काही मिनिटांत संपते. हौशींना मात्र हा व्यवहार फायद्याचाच वाटतो. खरा धोका हिमलोटाचा. तो बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो. म्हणून बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधून काढण्यासाठी ४५७ किलोहर्ट्‌झवर चालणारे शोधयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवेच. याच रांगेतील व्हिसलर गावाजवळचा स्पीअरहेड ट्रॅव्हर्स हा हिमनद्यांवरून जाणारा मार्ग १९६४ मध्ये प्रथम पार झाला. तेव्हा त्याला अनेक दिवस लागले; आज कसलेले स्कीपटू तो एका दिवसात उरकतात.