बेळगावातली माझी सात इंग्रजी गाणी

बेळगावच्या आठवणी म्हटल्या की कुंदा, मांडे, नाटकं, आणि पु. ल. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते तेव्हाचे किस्से. ते सगळं माझ्यापेक्षा चांगल्या माणसांनी लिहून ठेवलंय. मी आज जरा आडवाटेनं जातो. माझी आवडती सात इंग्रजी गाणी, सातव्यापासून पहिल्यापर्यंत उलट्या क्रमानं. जन्मभर बँकेत आकडेमोड केली, तेव्हा क्रम लावल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या नंबराच्या गाण्याबद्दल थोडं जास्त लिहायचंय. खरं तर त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी १९५० चा. आमचं घर शहापुरात, चार बिऱ्हाडांचा वाडा. वडील एका वकिलांकडे कारकून, आणि सीमालढ्यात मनापासून. १ नोव्हेंबरला घरात गोड होत नसे. घरी मर्फीचा रेडिओ होता, त्याचं लायसन्स वडील दरवर्षी पोस्टात जाऊन वेळेवर भरत. त्यावर बातम्या, नाट्यगीतं, अभंग. बुधवारी रात्री अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेला परवानगी, तीसुद्धा आवाज कमी ठेवून. पण गीतमाला सुरू व्हायच्या आधी रेडिओ सिलोनवर बिनाकाचीच इंग्रजी गाण्यांची हिट परेड होती, आणि ती चालली म्हणून हिंदीत गीतमाला आली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सिलोनची इंग्रजी सेवा मी चोरून ऐकायचो. वर्नन कोरिया, जिमी भरुचा असे निवेदक. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. नेमकं कडवं रंगात यायचं आणि सिलोन समुद्रात बुडायचं.

वडिलांनी एकदा पकडलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आम्ही मराठीसाठी रस्त्यावर उतरालोय, आणि तू हे कुणाचं ऐकालास?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे सुचलं, पण वडील राहिले नव्हते. आमच्या गावात शाळेच्या पाटीपासून बसच्या बोर्डापर्यंत प्रत्येक गोष्टीला भाषेचा वाद चिकटलेला. ही गाणी तेवढी कुणाचीच नव्हती. आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये ड्रमवर कानडी घरातला मुलगा होता, बेसवर शहापूरचा एक मराठी, आणि लीड गिटारवर कॅम्पातला ख्रिश्चन. तालमीच्या खोलीत सीमाप्रश्न निघाल्याचं मला आठवत नाही.

तर नंबर सात. 'कम सप्टेंबर'ची धून. हिला शब्दच नाहीत. १९६१ च्या त्याच नावाच्या सिनेमासाठी बॉबी डॅरिननं केलेली. सिनेमा किती जणांनी पाहिला देव जाणे, पण पुढची वीस-पंचवीस वर्षं वरातीतल्या प्रत्येक बँडवाल्यानं ती वाजवली. माझ्या थोरल्या भावाच्या वरातीतही वाजली आणि आमची आत्या त्यावर फुगडी घालायला निघाली होती. १९९५ मध्ये 'राजा' सिनेमात तीच चाल हिंदी शब्द घालून आली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, नवीन गाणं ऐका."

(कुणी म्हणेल, रॉक अँड रोल परकंच. त्यांना एवढंच सांगतो, की १९५७ च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' ज्यांनी केलं ते सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे राम चितळकर. आणि त्यांच्या 'अलबेला'त ट्रम्पेटवर गोव्याचा चिक चॉकलेट.)

नंबर सहा, जिम रीव्ह्जचं 'डिस्टंट ड्रम्स'. जिम रीव्ह्ज १९६४ च्या जुलैत स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात गेला, आणि हे गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरावर आलं १९६६ मध्ये, म्हणजे माणूस गेल्यावर दोन वर्षांनी. बेळगावच्या कॅम्पात डिसेंबर महिन्यात एका घरात रीव्ह्ज थांबला की शेजारच्या घरात सुरू व्हायचा. मऊ, संथ आवाज. आमच्या आईलासुद्धा चालायचा. "ह्यो बरा माणूस दिसतोय," म्हणायची.

पाचवा शॅडोज मंडळींचा 'अपाची', १९६० चा. हेही नुसतं वाजवणं. शॅडोज म्हणजे क्लिफ रिचर्डचे साथीदार, आणि क्लिफ रिचर्ड जन्मानं लखनौचा. गंमत अशी, की 'अपाची'नं इंग्लंडात पहिल्या नंबरावरून ज्याला खाली ओढलं ते गाणं क्लिफचंच होतं, साथीला हेच शॅडोज! 'अपाची'च्या निमित्तानं माझी कॅम्पातल्या मित्राशी ओळख झाली. त्याचं नाव लिहीत नाही, घरची माणसं आहेत. कॅम्पातला एवढंच म्हणतो. मूळचे गोव्याचे, वडील लष्करी बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कॉमर्सला होता, पण बुककीपिंग त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. ठरलं असं, की मी त्याला जमा-नावे शिकवायचं आणि त्यानं मला गिटार. त्याचं बुककीपिंग दोनदा राहिलं आणि माझी गिटार कायमची राहिली. तेव्हा ताळेबंद जुळला म्हणायचा.

नंबर चार, 'द हाऊस ऑफ द रायझिंग सन'. गाणं जुनं अमेरिकन लोकगीत, पण आम्ही ऐकलं ते इंग्लंडच्या ॲनिमल्स मंडळींनी १९६४ मध्ये केलेलं. भारतातल्या माझ्या वयाच्या ज्या कुणी गिटार हातात धरली, त्यानं आधी हेच वाजवलं असणार. ए मायनर, सी, डी, एफ. एफ लावताना बोटं रडतात. गाण्याचे शब्द आम्ही रेडिओवरून ऐकून देवनागरीत वहीत उतरवले होते. जिथे कळलं नाही तिथे जे ऐकू आलं ते. ती वही अजून आहे. निम्म्या ओळींना कुठल्याच भाषेत अर्थ नाही. १९६९ च्या कॉलेज गॅदरिंगमध्ये आम्ही हे गाणं म्हटलं. साउंड बॉक्स लग्नाचे, माईक एकच. मागच्या रांगेतून "नाट्यगीत म्हणा की!" अशी आरोळी आली. कॅम्पातल्यानं मान वर केली नाही, त्या सुरुवातीच्या सुट्या सुट्या तारा छेडत राहिला, आणि हॉल गप्प झाला. मी मागे उभा राहून तीन कॉर्ड लावत होतो. माझ्या आयुष्यात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. बँकेत निवृत्तीला पडल्या त्या धरत नाही.

तिसरा नंबर क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा, १९७५. हे मला कळायला वीस वर्षं लागली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पियानो वाजवायचा, पोरांचा बँड काढून बसला होता, आणि तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे कळल्यावर आवडलं म्हणा हवं तर. पाचगणीला आम्ही स्ट्रॉबेरी खायला जायचो.

नंबर दोन 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', १९७०. पॉल सायमननं लिहिलं आणि गाईलं गारफंकलनं. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेडोपाडी शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्या बीकॉम झालेल्यांची सोय लागली. मी १९७२ ला लागलो. पहिलं पोस्टिंग विजापूर जिल्ह्यातल्या एका गावी. वीज असली तर असली. कानडी मला रस्त्यापुरतं येत होतं, कर्ज वसुलीपुरतं येत नव्हतं. शुक्रवारी रात्री आकाशवाणीवर 'अ डेट विथ यू' लागायचं, ट्रान्झिस्टर उशाशी. एका शुक्रवारी हे गाणं लागलं. वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. जास्त लिहीत नाही.

आता पहिला नंबर. बीटल्स, 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'. १९६३ च्या अखेरीला इंग्लंडात आलं आणि पुढच्या वर्षी सगळ्या जगात. आपल्याकडे १९६५ च्या 'जानवर'मध्ये शंकर-जयकिशननी तीच चाल उचलली, ते तुम्ही ऐकलं असेल. मी मात्र मूळ गाणं ऐकलं ते आमच्या चावीच्या ग्रामोफोनवर. हे ऐकून आजची मुलं हसतात. विलायतेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. आपल्याकडे घराघरांत चावीचे ग्रामोफोन होते, त्यामुळे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्या पुढेही निघत राहिल्या. म्हणून बीटल्सची गाणी भारतात त्या जड, पडली की फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवरसुद्धा निघाली. तशी एक कॅम्पातल्याकडे होती. त्याच्याकडचा ग्रामोफोन मोडला म्हणून तो ती घेऊन आमच्या वाड्यात आला. ज्या सुईनं सकाळी अब्दुल करीम खाँसाहेब वाजले, त्याच सुईनं दुपारी बीटल्स. वडील कोर्टातून लवकर आले. दारात चपला काढताना थांबले, तबकडी संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "सुई बदला. घासलेल्या सुईनं तबकडी खराब होती." बस. पुढे त्यांनी या गाण्यांवरून मला कधी टोकलं नाही.

तबकडी आमच्याकडेच राहिली. नेतो, नेतो करत राहिलं.

१९८४ च्या फेब्रुवारीत मी घाटाखालच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. कॅम्पातला एक दिवस काउंटरवर उभा. गोव्याच्या हॉटेलांत वाजवत होता. आदल्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाच्या देशांचे बडे पाहुणे गोव्यात येऊन गेले होते, आता हॉटेलं वाढणार, बँडला मागणी येणार, असा त्याचा हिशोब. स्वतःचा ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि एक ऑर्गन घ्यायचा होता. सुशिक्षित बेकारांसाठी नवी सरकारी योजना आली होती, २५ हजारांपर्यंत कर्ज, वय १८ ते ३५. त्याला ३७ वं चालू होतं.

मी नियम दाखवला. तो हसला. "पात्रांव, मग मी जन्म जरा उशिरा घ्यायला हवा होता."

साध्या कर्जाला दोन जामीनदार लागत होते. तो म्हणाला, "तू हो एक." स्टाफला जामीन राहता येत नव्हतं, हे खरंच आहे. पण खडे बाजारात माझ्या थोरल्या भावाचं दुकान होतं. भावाला एक शब्द टाकला असता तर त्यानं सही केली असती, दुसरीही मिळवली असती. मी टाकला नाही. त्या वर्षी माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता, आणि माझ्या एका सहकाऱ्याला मित्राच्या थकलेल्या कर्जावरून चार्जशीट मिळालेली मी पाहिली होती. अर्जावर मी माझ्या अक्षरात शेरा लिहिला: वाद्यवृंद हा अनिश्चित उत्पन्नाचा व्यवसाय, शिफारस नाही. त्यानं तो उलटा, टेबलाच्या पलीकडून वाचला. चहा प्याला. घरच्यांची चौकशी केली. त्याची तबकडी तेव्हाही माझ्या कपाटात होती. त्यानं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

प्रमोशन झालं. तो मस्कतला गेला, तिथल्या एका हॉटेलच्या बँडात चौदा वर्षं दुसऱ्यांच्या वाद्यांवर वाजवलं. कर्ज फिटलं असतं का? बँकर म्हणून आजही सांगता येत नाही. मी तरी तो कागद आज पुन्हा समोर आला तर शेरा तोच लिहीन बहुतेक, पण भावाकडे जाईन. सुट्टीत आला की नाताळात भेटायचो, गिटार काढायचा, 'अपाची' वाजवायचा. कर्जाचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मला काढायचं धाडस झालं नाही. दहा वर्षांपूर्वी गेला.

मागच्या महिन्यात नातवानं मोबाईलवर शोधून सांगितलं, की भारतात निघालेल्या बीटल्सच्या ७८ च्या तबकड्यांना परदेशातले शौकीन चांगले पैसे मोजतात. आकडा लिहीत नाही. मी त्याच्या थोरल्या मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अंकल, पप्पांनी सांगितलेलं. तबकडी तुमच्याकडे आहे, तेही. विकू नका. आम्ही नाताळात येतो, एकदा वाजवून दाखवा."

ग्रामोफोन आहे. स्प्रिंग शहापुरातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं बदलून दिली. सुया नाहीत. मंडळी, कुणाच्या माळ्यावर जुन्या एचएमव्हीच्या सुयांची पत्र्याची डबी पडलेली असेल तर कळवा. गंजलेल्या नकोत. दोन पुरतील, एक या बाजूला आणि एक त्या.