लॉगिन म्हणजे लाकडाचा ओंडका

सोमवार ते शुक्रवार आपल्या दिवसाची सुरुवात एकाच क्रियापदाने होते : लॉग इन. मीही गेली कित्येक वर्षं हेच करतोय. पण यातला 'लॉग' म्हणजे चक्क लाकडाचा ओंडका, हे किती जणांना ठाऊक आहे?

गोष्ट जहाजांची आहे. भर समुद्रात वेग मोजणार कसा? ना झाड, ना मैलाचा दगड. मग खलाशी दोरीला बांधलेलं लाकूड पाण्यात टाकत. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ साली या युक्तीचं वर्णन छापलंय. पुढे दोरीला ठरावीक अंतरावर गाठी आल्या. वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं असेल तर दोन गाठींमध्ये साधारण ४७ फूट. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटल्या, तितका वेग. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये सांगतात तो यामुळेच! हे आकडे ज्या वहीत टिपले ती लॉगबुक, आणि नोंद करणं म्हणजे 'लॉग' करणं.

आता कॉम्प्युटर. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस चालवून दाखवलं. मशीन एक, वापरणारे अनेक. मग कोण किती वेळ वापरतो याचा हिशेब आलाच. आधी नाव नोंदवा, मग आत या! कमांडचं नाव लॉगिन. अ‍ॅलन शेर या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात, म्हणून त्याने १९६२ मध्ये सगळ्यांचे पासवर्ड छापून घेतले. घ्या!

२९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवर पहिला संदेश पाठवायचा होता, तोही 'लॉगिन'च. एल आणि ओ पोचले आणि पलीकडची सिस्टीम कोसळली.

इंग्रजीत क्रियापद सुटं, नाम जोडून. म्हणून भूतकाळ 'लॉग्ड इन', 'लॉगिन्ड' नव्हे. मराठीने ही कटकटच ठेवली नाही. नाम उचललं, 'करणे' जोडलं : लॉगिन केलं. संपलं.

असो. मला खटकतं ते वेगळंच. ओंडका जहाज किती वेगाने चाललंय ते सांगायचा. आपलं लॉगिन फक्त कोण कधी आला आणि किती वेळ बसला ते सांगतं, आणि बऱ्याच ऑफिसांत त्यालाच काम समजतात. नांगर टाकलेल्या जहाजावरून दोरी सोडली तर एकही गाठ सुटत नाही. वही मात्र रोज भरता येते!