गावच्या बँकेची नोट

अमेरिकेत १८६३च्या कायद्यानंतर आडगावच्या बँकाही स्वतःच्या नावाच्या नोटा काढू लागल्या. त्यासाठी सरकारी कर्जरोखे वॉशिंग्टनला तारण ठेवावे लागत; सुरुवातीला रोख्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळत.

नोटा अखंड तावांवर छापून येत. बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर शाईने सह्या करणार, मग बँकेतच त्या कात्रीने कापल्या जाणार. हात जरा वळला की कड वाकडी! संग्राहक आज त्याच कडा भिंगाखाली न्याहाळतात.

त्यांची लाडकी २ डॉलरची ‘लेझी ड्यूस’. तिच्यावरचा दोनाचा आकडा चक्क आडवा पहुडलेला.

१९३५मध्ये हा कारभार थांबला. बँक बुडाली तरी नोटेचे पैसे सरकार देई, त्यामुळे जपून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नाही. परत आलेल्या नोटा नष्ट झाल्या. चिमुकल्या बँकांनी मुळात काढल्याच थोड्या. म्हणून न्यूयॉर्कच्या बड्या बँकेच्या नोटेपेक्षा खेड्यातली नोट अनेकदा कैकपट भाव खाते.