बूढापाऱ्यातली लाल जीप

रायपूरला पोस्टिंग असताना बूढापाऱ्यात एका गॅरेजपुढे जुनी विलीज दिसली. रंग भडक लाल, बॉनेटवर वाघ रंगवलेला! मी नाक मुरडलं.

1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्डने मिळून अशा सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येक डिस्पोजलमधून शौकिनांच्या दारात आल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली.

"मूळचा हिरवा का नाही दिला?" मी विचारलं.

मालक हसला. "साहब, चालान कटेगा!"

खरंच की. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121वा नियम: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. गावी वडिलांची जीप आहे. निवृत्तीनंतर तिला मूळ रंग द्यायचं मी त्यांना कबूल केलं होतं. ती अजून निळीच आहे.