खाऊच्या पैशाची बखर

जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारे विद्वान एखाद्या नाण्यावरून राजा कोण, टाकसाळ कुठली, तांबं किती आणि भेसळ किती, हे सगळं सांगतात. पण ते नाणं एखाद्या पोराच्या मुठीत किती वेळ टिकलं, त्याची चिक्की आली की भोवरा आला, आणि ते मिळवण्यासाठी त्या पोराला आजीचे पाय किती वेळ चेपावे लागले, हे मात्र कुठलाही विद्वान सांगत नाही. म्हणून हे काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला करावं लागत आहे. इतिहासाशी माझा संबंध दहावीत सुटला. पुढं कॉमर्सला फक्त जमा आणि खर्च एवढ्याच दोन घराण्यांचा अभ्यास केला. पण आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माझे वडील म्हणजे नाना, मी, आणि चिरंजीव व कन्या अशा तीन पिढ्या नांदतात. त्यामुळे भारतीय चलनाचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास घरबसल्या, आणि बऱ्याचदा आरडाओरड्यासह, ऐकायला मिळतो.

खाऊच्या पैशाची सुरुवात कवडीपासून धरायला हरकत नाही. कवडी बाजारातून कधीच उठली, पण 'कवडीमोल', 'कवडीचुंबक' आणि 'फुटकी कवडी' हे तिचे वंशज अजून घरोघर आहेत. (पैकी शेवटची माझ्या पगाराच्या संदर्भात आमच्याकडे दरमहा निघते.) ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. होन पोरांच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. पोरांची ती शिवराईच. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी शिवराई पुढं कितीतरी वर्षं आठवडी बाजारात खुशाल फिरत होती. राज्य गेलं तरी चिल्लर जात नाही, हा इतिहासाचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. मी ठेवतो.

त्यानंतर इंग्रजांचा रुपया. एक रुपया म्हणजे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे, म्हणजे एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासली, तेव्हा १९४३ पासून सरकारनं पैशाला मधोमध भलंमोठं भोक पाडलं. महागाईनं पैशाला भोक पडतं हे आपण सगळेच जाणतो, पण टाकसाळीतूनच भोक पाडून आलेला पैसा तो एकच. पोरांना तो फार आवडे. दोरीत ओवता येई आणि त्यातून मास्तरांकडं बघताही येई.

आता या सोळा आण्यांच्या रुपयात एक गंमत होती. सोळाचे निम्मे आठ, आठाचे निम्मे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार वेळा निम्मे करा, कुठंही तुकडा पडत नाही. शेराचे छटाकही सोळाच. त्यामुळे सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड असा चाले, आणि तो हिशेब तोंडी यावा म्हणून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी दिवा लागला की परवचा सुरू. शुभंकरोती, रामरक्षा, तिथी, नक्षत्रं आणि मग हे सगळे अपूर्णांक. नाना सांगतात, "तेराची औटकी साडेपंचेचाळीस, हे आल्याशिवाय आम्हांला जेवायला वाढत नसत." त्या काळची मुलं हडकुळी का दिसतात, याचा उलगडा मला त्यामुळे झाला.

नानांनी हे सगळं वाईला, चौथीपर्यंत, पाठ केलं. आणि पाठ करून होतं न होतं तोच सरकारनं रुपयाच बदलला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. (तारीख सरकारनं निवडली होती; माझा त्यात हात नाही.) त्याआधी १९५६ सालीच वजनमापांचा कायदा झालेला होता. म्हणजे काही वर्षांतच आणे गेले आणि पाठोपाठ शेर-छटाकही गेले. दहा वर्षांच्या मुलानं डोक्यात भरलेलं सगळं कोठार बिनकामाचं ठरलं. माझ्या मते, एवढं मोठं नुकसान होऊनही भरपाईची मागणी न करणारी ही देशातली एकमेव पिढी असावी.

शंभराचं दुखणं असं की त्याचे निम्मे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि तिथं गाडी अडते. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा! पाव नवा पैसा कुठून आणणार? तेव्हा सरकारनं कोष्टक काढलं. एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. काही वर्षं जुनी आणि नवी नाणी एकत्र चालायची होती, म्हणून हे कोष्टक दुकानांतून टांगलेलं असे.

मोठी माणसं ते कोष्टक पाहून डोकं धरून बसत. नानांनी ते पाहिलं आणि त्यांना वेगळंच काहीतरी दिसलं. आमच्या आजीनं चार आण्यांचे शेंगदाणे आणायला पंचवीस नवे पैसे दिले, की हे दुकानात जाऊन एक आण्याचे शेंगदाणे मागत आणि सहा नवे पैसे देत. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत, पुन्हा एक आण्याचे घेत. अशा चार फेऱ्या. चार सक चोवीस; एक नवा पैसा शिल्लक! त्याची पेपरमिंटची गोळी. चौथ्या फेरीला दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवून यांच्याकडं रोखून पाहिलं, दारातल्या कोष्टकाकडं पाहिलं, आणि काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्यांची पुडी चार आण्यांच्या खाली बांधायची बंद केली. आमच्या घराण्यातला हा पहिला आणि शेवटचा यशस्वी आर्थिक व्यवहार.

पुढं १ जून १९६४ पासून 'नवा पैसा' नुसता पैसा झाला. नवेपणा सात वर्षं टिकला. लग्नाच्या मानानं बराच म्हणायचा. माझ्या वाट्याला आली ती ॲल्युमिनियमची नाणी. कातरलेल्या कडेचे दहा पैसे, सहा कोनांचे वीस पैसे, आणि १९८८ नंतर पाठीवर गेंडा असलेली स्टीलची पावली. ॲल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की पावसाळ्यात घरासमोरच्या पाण्यात आम्ही ती तरंगवायचा प्रयत्न करत असू. गेंडा मात्र जड. चाराण्याला लिमलेटच्या गोळ्या मिळत. गंमत म्हणजे आणा जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी आम्ही 'चाराणे', 'आठाणे' असंच म्हणत होतो. एकही आणा न पाहिलेली आमची पिढी आण्यात भांडत होती. खरं बोलणं आजही सोळा आणेच असतं. शंभर पैसे खरं बोललेला माणूस मी पाहिलेला नाही.

तो गेंडाही मेला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. तेव्हा मी नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. मुदत संपायच्या आधी लोक पिशव्या, बरण्या, लोटे घेऊन येत होते. घरी नानांचा डालड्याचा डबा होता, पावल्यांनी निम्मा भरलेला. मी म्हटलं, "नाना, उद्या देऊन टाकतो." नाना म्हणाले, "मग सव्वा रुपया कसा देणार?"

यावर भारत सरकारकडं उत्तर नव्हतं, तर माझ्याकडं कुठून असणार? सत्यनारायणाला सव्वा रुपया, नवसाला सव्वा रुपया, कुणी नवी कला शिकला तर गुरूला सव्वा रुपया. रुपया पुरा दिला की व्यवहार संपतो. वर पाव ठेवला की तो पुढं चालू राहतो, असं नानांचं अर्थशास्त्र. पावलीच गेली म्हणजे सव्वा रुपया नाण्यांत देणं या देशात अशक्यच झालं. म्हणून तर आपण अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक अशा उड्या मारू लागलो आणि पाकिटांवर रुपया चिकटलेला येऊ लागला. नानांनी डबा कपाटात ठेवला. "बंद सरकारनं केलंय, मी नाही," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणे गेले, पावकी गेली, आता पावली. आता चलनात राहिलेलं आमच्याकडं काय आहे म्हणा!" हसत म्हणाले, पण बँकेत अनेक वर्षं बसलेल्या माणसाला खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक कळतो.

आता तिसरी पिढी. आमची कन्या साडेपाच वर्षांची. ती दुकान-दुकान खेळते. आमच्या वेळी गिऱ्हाईक चिंचोके देई आणि दुकानदार पानं देई. हिच्या दुकानात पुठ्ठ्याचा एक चौकोन टांगलेला आहे, त्यावर पेनानं काढलेल्या काळ्या चौकटी. मी चिंचोके पुढं केले तर म्हणाली, "सुट्टे नाहीत. स्कॅन करा." मी पुठ्ठ्यासमोर हात धरला. ताबडतोब तिनं नाकातून आवाज काढला, "वीस रुपये प्राप्त झाले." आणि मला रिकामी आगपेटी दिली. २०१६ साली सुरू झालेलं हे फोनचं चलन तिला निसर्गातलंच वाटतं. पावसाला पैसा देऊ करणारं आणि तो पैसा बनावट निघणारं ते बडबडगीत शिकवलं, तर तिनं विचारलं, "पावसाचा नंबर काय?"

चिरंजीव चौथीत. गेल्या भाऊबीजेला बहिणीनं ओवाळल्यावर ताटात काय घालायचं यावर त्यानं माझ्या खिशातला मोबाईलच काढून ताटात ठेवला. ही म्हणाली, "अरे, निरांजन लागेल त्याला!" तो म्हणाला, "पैसे त्याच्यातच आहेत ना?" युक्तिवाद बिनतोड होता. नानांनी मग डालड्याचा डबा काढला आणि एकेक गेंडा दोघांच्या हातावर ठेवला. पन्नास पैशांचं नाणं अजूनही कायद्यानं चालतं, फक्त रस्त्यावर चालत नाही. गेंडा तर दोन्हीकडं बाद. पण नाणं वाजतं, घरंगळतं, कॉटखाली जातं, हे पाहून मुलं खूश झाली. कन्येनं फराळ बाजूला सारून ताबडतोब दुकान उघडलं.

चिरंजीवांनी मात्र चौकशी मांडली. चाराणे म्हणजे पंचवीस पैसे, तर एक आणा किती? नाना म्हणाले, "तूच काढ." त्यानं वहीवर भागाकार मांडला. पंचवीस भागिले चार. भाग सहा, बाकी एक. "हा बाकी एक कुणाचा?" अडुसष्ट वर्षांपूर्वीचा प्रश्न पोरानं अचूक विचारला. नानांनी शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली. पोरगं मन लावून ऐकत होतं आणि शेवटी म्हणालं, "म्हणजे तुम्ही त्या दुकानदाराचा एक पैसा देणं लागता."

"बरोबर," नाना म्हणाले.

"मग फोनवरून पाठवा. बाबा म्हणतात, फोनवर रुपया आणि वर पंचवीस पैसेसुद्धा जातात."

हे खरं आहे. बाजारातून उठलेली पावली आमच्या पासबुकांत आणि मोबाईलमध्ये अजून सुखानं नांदते. सव्वा रुपया हातात देता येत नसला तरी पाठवता येतो. नानांनी भुवया वर केल्या. ही बातमी त्यांच्यापर्यंत आजवर कुणी पोहोचवलीच नव्हती.

"दुकानदार आता कुठला असायला," ते म्हणाले. "पण व्याज धरून किती झाले असतील रे?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात बँकवाला असल्याचा एवढा एकच फायदा आहे. एक नवा पैसा, १९५७ ते २०२५ म्हणजे अडुसष्ट वर्षं, सहा टक्के चक्रवाढीनं. मी फोनवर गुणाकार केला. "जवळजवळ साडेबावन्न पैसे."

नाना ताठ बसले. "पंधराची औटकी!"

"नाना, औटकी म्हणजे काय?" चिरंजीवांनी विचारलं.

गेल्या कित्येक वर्षांत हा शब्द आमच्या घरात कुणी नानांना परत विचारला नव्हता. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला, मांडी घातली, नातवाला समोर बसवलं आणि एकपासून सुरुवात केली. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "पंधरापर्यंत आल्याशिवाय जेवायला नाही हं!" आणि कोपऱ्यातल्या दुकानातून नाकातला आवाज आला, "साडेबावन्न पैसे प्राप्त झाले."